हिवाळ्यातलं पाणी, उन्हाळ्यातलं बिल

प्रश्न : काकू, आम्ही अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहतो, घरात तिघं. सासू-सासरे पुण्याहून आले होते, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. जूनमध्ये बागेसकट १५ हजार गॅलन पाणी लागलं आणि सांडपाण्याचा आकार ९ हजार गॅलन धरून लावलाय. गेल्या जूनला तो ४ हजारांवर होता. एप्रिलमध्ये मात्र पाणी ६ हजार आणि आकारही ६ हजारांवरच. हा हिशेब कसला? नवरा म्हणतो, पुढच्या वेळी आईबाबांना उन्हाळ्यात बोलवू.

उत्तर : अगं, आधी हिशेब समजून घे, मग आईबाबांचं ठरवा.

घरात येणारं पाणी मीटरवर मोजलं जातं, बाहेर जाणाऱ्या सांडपाण्याला मात्र मीटर नसतो. मुंबईत म्हणूनच पाणीपट्टीच्या टक्केवारीने मलनिस्सारण आकार लावतात. ऑस्टिनचा विचार वेगळा आहे. उन्हाळ्यात बागेला घातलेलं पाणी जमिनीत मुरतं, गटारात जात नाही, मग त्याचा आकार का घ्यायचा? हिवाळ्यात बाग झोपलेली असते आणि आलेलं जवळजवळ सगळं पाणी मोरीतून, संडासातून बाहेर जातं. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच्या काळातली बिलं धरून सरासरी काढतात. पुढे वर्षभर ही सरासरी किंवा त्या महिन्याचा खरा वापर, यात जो कमी असेल त्यावर आकार लागतो. तुझ्या एप्रिलला खरा वापर कमी होता, जूनला सरासरी. मला ही पद्धत न्याय्य वाटते, फक्त ती नव्या माणसाला कुणी समजावून सांगत नाही.

आता तुझे आकडे बघ. तुम्ही तिघं मिळून ४ हजार. दोन माणसं वाढली, माणशी दिवसाला ५० गॅलन धरले तरी महिन्याला ३ हजार. झाले ७. सरासरी आली ९ हजार, मग उरलेले २ हजार कुणाचे? आणि एप्रिलमध्ये पाहुणे नाहीत, तरी ६ हजार! बागेला तेव्हा पाणी सुरू केलं नसेल, तर तेच २ हजार अजून चालू आहेत. मला हे सासूबाईंच्या आंघोळीचं पाणी वाटत नाही, गळती वाटते.

माझ्याकडे एका डिसेंबरात हेच झालं. वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या संडासात फ्लशच्या टाकीतला फ्लॅपर, म्हणजे पाणी अडवणारी रबरी झडप, झिजला होता. आवाज नाही, ओल नाही. दहा मिनिटांना अर्धा गॅलन गेला तरी दिवसाला ७२ होतात, महिन्याला २ हजारांवर. मी वर्षभर त्याचे पैसे भरले.

आज रात्री प्रत्येक टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाक आणि अर्धा तास फ्लश करू नका. खाली भांड्यात रंग उतरला, की फ्लॅपर बदला, घरच्या घरी होतं. रंग नाही उतरला, तर सगळे नळ बंद करून दोन तासांच्या अंतराने मीटर वाच. काटा हलला तर स्प्रिंकलरची लाईन तपासून घ्या. दुरुस्तीची पावती आणि मीटरचे फोटो जोडून पाणीखात्याकडे सरासरी कमी करण्याचा अर्ज कर, विचारायला काहीच हरकत नाही.

हिवाळ्यात स्प्रिंकलरचा टायमर बंद ठेवा. मात्र कडाक्याची थंडी पडली की पाईप फुटू नये म्हणून नळ थेंब थेंब सोडावे लागतात, तिथे काटकसर नको. खाली बादली ठेव, ते पाणी झाडांना होतं.

आणि आईबाबांना हिवाळ्यातच बोलवा. टेक्सासचा जुलै त्यांना सोसायचा नाही.