चार वर्षं डेव्हिस, की आधी दोन वर्षं ओलोनी?

प्रश्न: आम्ही फ्रीमाँटला राहतो, सगळे ग्रीनकार्डधारक. मुलीला यूसी डेव्हिसला प्रवेश मिळालाय. खर्च वर्षाला ४५,००० डॉलर, आर्थिक मदत शून्य. शिक्षणासाठी साठवलेल्या तिच्या ५२९ बचत खात्यात ६२,००० आहेत. उरलेले पॅरेंट प्लस हे पालकांसाठीचं सरकारी कर्ज आणि माझ्या ४०१(के) या निवृत्ती खात्यातून कर्ज काढून भरायचे, की तिला आधी दोन वर्षं ओलोनी या इथल्या कम्युनिटी कॉलेजला घालायचं? अर्थशास्त्र की मानसशास्त्र, हे तिचं अजून ठरत नाही. माझं वय ५१. मंडळात जो तो विचारतो, कुठे मिळाली ॲडमिशन?

उत्तर: ओलोनीला घाला. मात्र मुलगी मनापासून तयार असेल तरच.

डेव्हिसची चार वर्षं म्हणजे १,८०,०००. ५२९ संपवूनही १,१८,००० कमी पडतात. जुलै २०२६पासून नव्या कर्जदाराला एका मुलामागे पॅरेंट प्लस ६५,०००पेक्षा जास्त मिळत नाही. व्याज ९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहा वर्षं महिना ८२० डॉलरचा हप्ता. उरलेल्या ५३,०००साठी ४०१(के)ला हात लावाल. तिथून फार तर ५०,००० मिळतील, आणि मध्येच नोकरी गेली तर बाकी रक्कम टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरा, नाहीतर त्या रकमेवर कर आणि वर १० टक्के दंड. एक्कावन्नाव्या वर्षी ही जोखीम घेऊ नका, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

ओलोनीत युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर, ६० युनिटचे २,७६०. पुस्तकं, गॅस, गाडीचा विमा धरून दोन वर्षांचे १२,००० समजू. पुढे डेव्हिसचे ९०,०००. कमी पडतात ४०,०००, म्हणजे चार वर्षं महिना साधारण ८५० बाजूला टाकायचे. हप्त्याएवढेच पैसे, पण चार वर्षांत मोकळे, आणि व्याज नाही. फी थोडी वाढली तरी हे गणित टिकतं.

बिघडतं ते ट्रान्सफर, म्हणजे ओलोनीतून डेव्हिसला जाणं, लांबली तर. ट्रान्सफरच्या इराद्याने आलेली बरीच मुलं तिथेच अडकतात. आज मिळालेली जागा डेव्हिस दोन वर्षं राखून ठेवणार नाही, पण ‘टॅग’ नावाची ट्रान्सफर प्रवेशाची हमी देतं. त्या हमीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात भरायचा आणि तोवर ३० युनिट झालेली हवीत, ठरवून दिलेला जीपीएही (गुणांची सरासरी) हवा. म्हणजे पहिलं वर्ष चाचपडत घालवायची मुभा नाही. असिस्ट डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर ओलोनी आणि डेव्हिस निवडून दोन्ही विषयांना लागणाऱ्या कोर्सच्या याद्या शेजारी शेजारी ठेवा. स्टॅटिस्टिक्स दोन्हीकडे उपयोगी पडतं, ते आधी उरका. कॅल्क्युलस अर्थशास्त्राला लागतंच, तेही पहिल्याच वर्षी घ्या. म्हणजे विषय जानेवारीत ठरला तरी सेमिस्टर वाया जात नाही.

ओलोनीच्या वर्षांत ५२९ला हात लावू नका. डेव्हिसला गेल्यावर दरवर्षी फीचे पहिले ४,००० त्या मासिक बचतीतून भरा, ५२९मधून नको. जोडप्याचं उत्पन्न १,६०,०००च्या आत असेल तर त्यावर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट या करसवलतीमुळे पूर्ण २,५०० डॉलर कर वाचतो. एका मुलासाठी ते चारच वर्षं घेता येतं.

मंडळातल्यांना सरळ सांगा. पदवी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचीच मिळते, ट्रान्सफरने आलेल्यांना वेगळी देत नाहीत.

डेव्हिसला १ मेच्या आत कळवायचंय. त्याआधी हे आकडे मुलीसमोर ठेवा, तिचं म्हणणं ऐका. ओलोनी ठरलं तर काउन्सेलरची वेळ मेमध्येच घ्या. ऑगस्टमध्ये तिथे रांगा लागतात आणि हवे ते वर्ग भरून गेलेले असतात.