रोज नागपूरहून बुटीबोरीला मोटरसायकलनं जातो. सेफ्टी शूज घालून मागचा ब्रेक दाबताना घोटा दुखतो. पेडल बदलून फरक पडेल का?

पडेल, पण पेडल विकत आणायच्या आधी आहे तेच खाली घेऊन पाहा. तुमच्यासारखाच मीही नागपूरहून बुटीबोरीला रोज जायचो, तेही जाड टाचेचे सेफ्टी शूज घालून. पेडल वर असलं की ब्रेक दाबत नसतानाही पंजा उचलून धरावा लागतो. त्यानं नडगीच्या पुढचा स्नायू भरून येतो आणि घोटा आखडतो.

रोजचेच बूट घालून गाडीवर बसा. पाय फूटरेस्टवर असताना पंजा न उचलता पेडलवर गेला पाहिजे. जात नसेल तर पेडलच्या बुडाशी चेकनट (बोल्ट जागेवर घट्ट धरणारा नट) लावलेला छोटा बोल्ट शोधा. चेकनट ढिला करून बोल्ट फिरवला की पेडल खाली-वर होतं. माझं निम्मं दुखणं तिथंच थांबलं.

उरलेलं थांबेना, कारण गाडी पडून पेडल आत वाकलं होतं आणि बूट इंजिनाच्या कव्हरला अडायचा. गॅरेजवाल्यानं पाइप घालून ते सरळ केलं. काही महिन्यांनी नेमकी त्याच वळणावर बारीक चीर दिसली. ब्रेकच्या पेडलशी असा खेळ कृपा करून करू नका. वाकलं असेल तर तुमच्या मॉडेलचं कंपनीचंच नवं घ्या.

जुनं पेडल खोलण्याआधी त्याची स्प्रिंग कशी अडकवली आहे त्याचा फोटो काढा. पेडल ज्या पिनवर फिरतं तिला ग्रीस लावा, स्प्लिट पिन (टोकं वाकवून अडकवायची पिन) नवीच टाका. मग क्रम मोडू नका: आधी पेडलची उंची, मग मोकळी चाल (ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंत पेडल जेवढं रिकामं खाली जातं तेवढं अंतर), शेवटी ब्रेक लाइटचा स्विच. उंची बदलली की बाकीचं दोन्ही बदलतं. मी स्विच विसरलो, तर छत्रपती चौकाच्या सिग्नलवर मागचा एकजण म्हणाला, “ओ भाऊ, लाइट चालूच हाय ना तुमचा!” मागच्याला आपण ब्रेक कधी मारला हेच कळत नव्हतं.

ड्रम ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांत मोकळी चाल २० ते ३० मिलिमीटर असते. तुमच्या गाडीचा आकडा सोबतच्या पुस्तकात मिळेल. मागच्या चाकाजवळच्या रॉडचा नट अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं फिरवा, त्याची खाच नीट बसू द्या. चाक हातानं मोकळं फिरलं पाहिजे.

मग गल्लीतच हळू चालवून ब्रेक लावून पाहा. चांगला लागला तर तीन-चार किलोमीटर फिरून या आणि ड्रमजवळ हात न्या. चटका जाणवला तर नट आणखी अर्धा फेरा सोडा.