ड्रोनने कोणती धूप मोजता येते?

प्रश्न : संगमनेर परिसरात प्रवरेच्या काठी आमची शेती आहे आणि तिच्या कडेच्या घळी दरवर्षी आत सरकत आहेत. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ड्रोनने छायाचित्रे घेतली, तर वर्षभरात किती माती गेली याचा नेमका आकडा मिळेल का?
– एक वाचक

उत्तर : घळींचा आकडा मिळेल, शेताचा बहुधा मिळणार नाही. ड्रोन माती मोजत नाही, जमिनीची उंची मोजतो. साधारण ८० टक्के भाग एकमेकांवर येईल अशी छायाचित्रे घेतली, की एकच ठिकाण अनेक कोनांतून दिसते आणि त्यावरून संगणक प्रत्येक बिंदूची उंची काढतो. दोन वेळच्या उंचींची वजाबाकी केली की गेलेल्या आणि साचलेल्या मातीचे घनफळ हाती येते.

खरी अडचण या वजाबाकीत आहे. प्रत्येक सर्वेक्षणात उंचीची चूक ३ सेंटिमीटर धरली, तर फरकातली चूक सुमारे ४.२ सेंटिमीटर होते आणि ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ८ सेंटिमीटरपेक्षा कमी बदलावर विसंबता येत नाही. घळीचा काठ एका पावसात हातभर ढासळतो, त्यामुळे तिथे ही मर्यादा आड येत नाही. मात्र सपाट शेतावरून पातळ थराने निघून जाणारी माती, म्हणजे चादरी धूप, मिलिमीटरमध्ये असते. एका हेक्टरवरचा १ मिलिमीटर थर म्हणजे १० घनमीटर, सुमारे १३ टन माती. हे नुकसान गंभीर असले, तरी ड्रोनला ते दिसत नाही.

तुमच्या वेळापत्रकातही बदल करावा असे मला वाटते. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते, त्यामुळे मे आणि ऑक्टोबरमधील उंचींची तुलना केली तर धूप नसतानाही जमीन वर-खाली झालेली दिसते. त्यातच पावसाळ्यानंतर गवत वाढलेले असते आणि छायाचित्रात जमीन न येता गवताचे शेंडे येतात. म्हणून या वर्षीच्या मेची तुलना पुढच्या मेशी करावी.

घळीच्या बाहेर, जिथे जमीन हलणार नाही अशा जागी, सिमेंटच्या पक्क्या खुणा करून त्यांचे स्थान उपग्रहाधारित अचूक यंत्राने मोजून घ्यावे. काही खुणा उंचीच्या गणितात न वापरता तपासणीसाठी राखून ठेवाव्यात, म्हणजे खरी चूक किती आहे ते कळते. (सॉफ्टवेअरच्या अहवालातील चूक नेहमीच लहान दिसते, तिच्यावर भाळू नये.) कॅमेरा सतत सरळ खाली रोखलेला असेल, तर संगणकाने तयार केलेले जमिनीचे प्रारूप मध्यभागी फुगीर किंवा खोलगट होण्याचा संभव असतो, म्हणून काही छायाचित्रे तिरकी घ्यावीत, घळीच्या उभ्या भिंतीही त्यामुळे नीट दिसतात. उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपले क्षेत्र परवानगीमुक्त आहे का, ते पाहावे.

चादरी धुपेसाठी जुनाच मार्ग बरा. शेताखाली बंधारा किंवा शेततळे असेल, तर ते उन्हाळ्यात कोरडे पडल्यावर त्याच्या तळाचे सर्वेक्षण दरवर्षी करावे. विस्तीर्ण रानावर विखुरलेली मिलिमीटरभर माती तिथे गाळाच्या जाड थरात जमलेली असते आणि तो थर ड्रोनच्या आवाक्यात येतो. सांडव्यावरून वाहून गेलेली माती मात्र या हिशेबात येत नाही, त्यामुळे मिळणारा आकडा किमान समजावा.