ओके दाबलं की टर्मिनलमध्ये दिसतं, प्लेअरमध्ये नाही: माझे दोन महिने यातच गेले

शिरपूरच्या भाऊ, रिमोटचं ओके आणि आकडे प्लेअरमध्ये चालत नाहीत हा तुमचा प्रश्न वाचला, तुमचं दुखणं मला पाठ आहे. कॉम्प्युटरला लावलेला यूएसबी रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा), त्याच्यासोबत आलेला मीडिया सेंटर रिमोट, आणि उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) प्रत्येक बटणाचं नाव उमटतं, बाण चालतात, आवाज कमीजास्त होतो, पण ओके आणि आकडे प्लेअरपर्यंत पोचतच नाहीत. मी भुसावळचा. भरीत-पुरीचा एक अख्खा हंगाम या ओके बटणापायी घालवलाय.

आधीच सांगतो, मी इंजिनीअर नाही, आणि माझा सगळा अनुभव एक्स-११ वरचा आहे (लिनक्सवर खिडक्या आणि कीबोर्ड सांभाळणारा जुना प्रोग्रॅम). मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे म्हणून कमांडही देवनागरीतच लिहितोय, टाइप करताना इंग्रजीत करा.

आयआर-कीटेबल (रिमोटची बटणं ओळखून त्यांचा तक्ता बदलणारा प्रोग्रॅम) तुम्ही टाकलेलंच आहे, ड्रायव्हरही बरोबर दिसतोय, त्यामुळे ते सोडून देतो. माझी चूक पुढे झाली. 'आयआर-कीटेबल डॅश टी' ने बटणाचं नाव दाखवलं की काम झालं, असं मी धरून चाललो. तिथे नाव दिसतं म्हणजे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, बटण कळलं, एवढंच. तिथून प्लेअरपर्यंत मध्ये तोच एक्स-११ बसलाय, आणि तो १९८७ सालचा म्हातारा आहे. त्याच्याकडे कीचा नंबर एका बाइटमध्ये बसवलेला, ८ ते २५५. कर्नलच्या नंबरात तो ८ मिळवतो, म्हणजे कर्नलचा २४७ पर्यंतचाच नंबर त्याच्या दारातून आत येतो. आता बघा: वरचा बाण १०३, आवाज वाढवा ११५, दोन्ही आत. 'की ओके' चा नंबर ३५२. रिमोटच्या आकड्यांना 'की न्यूमेरिक' म्हणतात, ते ५१२ पासून पुढे. हे सगळे उंबऱ्याबाहेरच. कुठे एरर नाही, लॉगमध्ये अक्षर नाही.

मला हे माहीत नव्हतं. मी सेल बदलले, रिसीव्हर बदलला, उबुंटू तीनदा नव्याने टाकलं. शेवटी कंटाळून कॉम्प्युटरचा डबा उचलला आणि जळगावला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. नाव घेत नाही. काउंटरवरच्या पोराने रिमोट हातातही न घेता सांगितलं, "काका, लिनक्स आहे ना, त्याच्यात असंच होतं." मी म्हटलं, बाण चालतात, ओके चालत नाही, एवढंच बघा. त्याने पावती फाडली. आठ दिवसांनी डबा परत मिळाला तेव्हा अख्ख्या डिस्कवर विंडोज टाकलेलं होतं आणि बिलात त्याचेही पैसे लावलेले. कोणी विचारलं नाही, फोनही केला नाही. त्या डिस्कवर आईची आखाजीची गाणी होती, झोक्यावर बसून म्हटलेली, मी मोबाइलवर घेऊन तिथे ठेवलेली. दुसरी प्रत ठेवली नव्हती, ती चूक माझीच, मान्य. पण रिमोटच्या तक्रारीवर डिस्क पुसणाऱ्याला काय म्हणायचं? आई आता नाही, त्यामुळे पुन्हा घेताही येत नाहीत. असो. कुठेही मशीन द्यायच्या आधी डिस्क काढून घरी ठेवा, चार स्क्रू असतात.

उलगडा झाला तो एक्सइव्ही नावाच्या, एक्सपर्यंत काय पोचतं ते दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे. त्याच्या खिडकीवर क्लिक करून बाण दाबला, ओळी धावल्या. ओके दाबला, ढिम्म. मग कर्नलकडे काय येतं ते दाखवणारं इव्हीटेस्ट चालवलं, तिथे ३५२ दिसला. तुम्हीही आधी हेच करा. एक्सइव्हीमध्ये ओके दिसत असेल तर तुमचा आजार वेगळा, माझं पुढचं वाचू नका.

उपाय सोपा आहे, त्याचाच राग येतो. लिब, त्यातलं युडेव्ह, त्यातलं आरसी-कीमॅप्स या फोल्डरात आरसी६-एमसीई नावाची टॉमल (डॉट टी-ओ-एम-एल) फाइल असते (या फोल्डर-फाइलींच्या नावात मधली रेघ खालची, म्हणजे अंडरस्कोर). ती ईटीसी फोल्डरातल्या आरसी-कीमॅप्समध्ये कॉपी करा, मूळ फाइलला हात लावू नका. कॉपीत 'की ओके' च्या जागी 'की एंटर' लिहा (नंबर २८), आणि 'की न्यूमेरिक १' च्या जागी साधं 'की १', असं सगळ्या आकड्यांचं. मग सुडो (मशीनच्या मालकाच्या हक्काने कमांड चालवायचा शब्द) लावून आयआर-कीटेबल, डॅश सी, डॅश डब्ल्यू आणि फाइलचा पूर्ण पत्ता. डॅश सी विसरलात तर जुना तक्ता पुसला जात नाही आणि दोन्हींची खिचडी होते. रीस्टार्टनंतरही टिकायला हवं असेल तर ईटीसीमधल्या आरसी-मॅप्स (इथेही अंडरस्कोर, शेवटी डॉट सी-एफ-जी) फाइलमध्ये आरसी-आरसी६-एमसीई (इथे मात्र साधी रेघ) या तक्त्यापुढे तुमच्या फाइलचं नाव आहे का बघा, नसेल तर ती ओळ लिहा.

कोणी लिर्क (रिमोटसाठीचा जुना प्रोग्रॅम) टाकून बटणं रेकॉर्ड करा म्हणेल. माझं स्पष्ट मत, त्या वाटेला जाऊ नका. ते जुन्या काळचं दुखणं, साध्या टीव्ही रिमोटचे प्रोटोकॉल, म्हणजे सिग्नलच्या भाषा, आता कर्नल स्वतःच ओळखतो. कॉम्प्युटरकडून उलट सिग्नल पाठवायचा असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी आयआर-सीटीएल आहे.

पुढे डिशचा जुना रिमोट वापरावासा वाटला आणि काहीच दिसलं नाही, तर आयआर-कीटेबलला डॅश पी देऊन प्रोटोकॉल बदला. पुष्कळसे स्वस्त रिमोट एनईसी नावाच्या प्रोटोकॉलवर बोलतात आणि तुमचा रिसीव्हर मुळात आरसी-६ या प्रोटोकॉलची वाट बघत बसलेला असतो. रिमोटच जिवंत आहे का हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसतं, बटण दाबल्यावर पुढचा दिवा जांभळट चमकतो. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला तो दिसत नाही, मग सेल्फीचा लावा. आणि रिसीव्हर पश्चिमेच्या दाराकडे तोंड करून ठेवू नका. वैशाखात आपल्याकडचं चार वाजेचं ऊन थेट त्याच्यावर आलं की तो आंधळा होतो. मी दाराला गोणपाट लावलंय.

लाल, हिरवी, पिवळी, निळी बटणंही २४७ च्या वरच आहेत, लाल ३९८. फाइल उघडलीच आहे तर त्यांनाही एफ५, एफ६ असं काहीतरी देऊन टाका.