गेट लावण्याआधी हॉलचं माप नीट घे

अणूइतक्या पातळ थरांच्या चुंबकात हॉल परिणाम (प्रवाहाला आडवं तयार होणारं व्होल्टेज) मोजायचा असेल, तर क्रोमियम ट्रायआयोडाइडवरच मोजायचा हट्ट सोड. 2017 मध्ये त्याच्या एका थरात चुंबकत्व दिसलं ते प्रकाशाच्या केर परिणामातून, म्हणजे चुंबकावरून परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण फिरतं त्यावरून. पदार्थ विद्युतरोधक, प्रवाह सोडणार कसा? सुरुवात आयर्न जर्मेनियम टेल्युराइडने कर. तो धातूसारखा वाहतो आणि चुंबकन थरांना लंब असल्याने चौकोनी लूप (क्षेत्र चढवता-उतरवताना मिळणारा हॉल व्होल्टेजचा बंद आलेख) छान मिळतो. हवा मात्र लागू देऊ नकोस, ग्लोव्हबॉक्समध्येच (निष्क्रिय वायूच्या बंद पेटीत) बोरॉन नायट्राइडने झाक.

धातूत वाहक (प्रवाह वाहून नेणारे विद्युतभार) इतके दाट, की साध्या गेटने, म्हणजे व्होल्टेज देऊन वाहकांची संख्या बदलणाऱ्या इलेक्ट्रोडने, फारसं हलत नाही. म्हणून 2018 मध्ये लिथियम आयनांचा गेट वापरला गेला, आणि पातळ नमुन्याचं क्युरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्व नाहीसं होतं ते) खोलीच्या तापमानापर्यंत चढलं. पण आयन थरांमध्ये शिरतात. गेट शून्यावर आणल्यावर लूप पूर्वपदावर येतो का, ते बघ. येत नसेल तर नमुन्याचं रसायनच बदललंय अशी शंका घे.

व्होल्टेज मोजणारे प्रोब नेमके समोरासमोर बसत नाहीत, त्यामुळे हॉल व्होल्टेजमध्ये सरळ रोधाची (प्रवाहाच्या दिशेतल्या रोधाची) भेसळ होतेच. चुंबकीय क्षेत्राच्या चढत्या फेरीतल्या मापातून उतरत्या फेरीतलं, उलट क्षेत्राचं माप वजा कर आणि निम्मं घे. एकाच फेरीवर हा हिशेब केलास, तर शून्य क्षेत्रावरचा हॉल सिग्नलच पुसला जाईल. गेटची गळतीही (त्यातून झिरपणारा प्रवाह) दरवेळी नोंदव.