पश्चात्ताप, प्रायश्चित्त आणि फिरणे

प्रश्न असा आला आहे: ‘एखाद्याने ख्रिस्ती विश्वास सोडला आणि काही वर्षांनी त्याला परत यावेसे वाटले, तर त्याला क्षमा मिळते का? आणि हे मराठीत लिहिताना “धर्मांतर केलेल्याने पश्चाताप केला” म्हणावे की “प्रायश्चित घेतले” म्हणावे?’

आधी शुद्धलेखन, कारण या एका वाक्यात दोन शब्दांचा एकेक त गळाला आहे आणि हे मी रोज पाहतो. पश्चात् अधिक ताप, म्हणून पश्चात्ताप. पहिल्या शब्दाच्या शेवटी त् आहे, दुसऱ्याच्या सुरुवातीला त आहे, दोन्ही जागेवर हवेत. प्रायश्चित्तात शेवटी चित्त आहे. ‘चित’ लिहिले की कुस्तीतला चीतपट आठवतो. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपासून प्रवचनांच्या पत्रिकांपर्यंत हे दोन्ही शब्द लंगडे छापले जातात आणि कोणाला काही वाटत नाही.

दुसरी चूक अर्थाची. विश्वास सोडणे म्हणजे धर्मांतर नव्हे. अंतर म्हणजे दुसरा. धर्मांतर करणारा एका धर्मातून दुसऱ्यात जातो. विश्वास सोडणारा कुठेच जात नसेल, नुसता उठून बाहेर पडला असेल. ग्रीकमध्ये याला अपोस्तासिया म्हणतात. अपो म्हणजे दूर, आणि पुढे आपल्या ‘स्था’ धातूचाच ग्रीक भाऊ. दूर उभे राहणे. ग्रीक लोक हाच शब्द राजाविरुद्धच्या बंडालाही वापरत. मराठीत विश्वासत्याग म्हणा, धर्मत्याग म्हणा. एखाद्या कोशात याला ‘धर्मांतर’ हा प्रतिशब्द दिसला तर तो घेऊ नका. ही कोशकारांची बेफिकिरी आहे, दुसरे काही नाही.

पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त यांतला फरक सोपा आहे. पहिला मनात होतो, दुसरे करावे लागते. प्रायश्चित्ताची जुनी फोड ‘प्रायः म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय’ अशी सांगतात. शब्दातच कृती आहे, काहीतरी भोगून फेडणे आहे. ख्रिस्ती विचारात यावरून मोठा वाद झाला. नव्या करारातली ग्रीक हाक आहे ‘मेटानोएइते’. लॅटिनमध्ये तिचे झाले ‘पेनितेन्तियाम आगिते’, आणि मध्ययुगात ते ‘प्रायश्चित्त करा’ असे वाचले जाऊ लागले. पेनितेन्तियाचे स्पेलिंगसुद्धा बदलून ‘पोएना’शी, म्हणजे दंडाशी, जोडले गेले, वास्तविक त्या दोन शब्दांचे नाते नाही. पंधराव्या शतकातला इटालियन विद्वान लोरेन्झो वाल्ला याने यावर बोट ठेवले, मग डच विद्वान इरॅस्मसने. 1517 मध्ये जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने आपल्या 95 प्रबंधांतला पहिलाच प्रबंध याच वाक्यावर लिहिला, आणि पुढच्या वर्षी आपला वरिष्ठ श्टाउपित्झ याला लिहिलेल्या पत्रात या ग्रीक शब्दाची फोड कळल्यावर झालेला आनंद मांडला. एका शब्दाच्या भाषांतराने युरोप हलला. तेव्हा ‘शब्दाने काय फरक पडतो’ असे मला कोणी सांगू नये.

मराठी बायबलमध्ये तिथे ‘पश्चात्ताप करा’ आहे. मेटानोइया हे त्या ग्रीक हाकेचे नाम. त्यात मेटा आहे आणि नूस, म्हणजे मन किंवा बुद्धी, आहे. मेटाचा एक अर्थ ‘नंतर’, दुसरा ‘बदल’. ‘पश्चात्’ने पहिला अर्थ बरोबर पकडला, यात शंका नाही. पण ‘ताप’ कुठून आला? ग्रीक शब्दात होरपळ नाही, मनाचे पालटणे आहे. लाक्टान्टियस या चौथ्या शतकातल्या लॅटिन लेखकाने ‘पेनितेन्तिया’ऐवजी ‘रेसिपिस्केन्तिया’ सुचवला होता. पुन्हा शहाणे होणे. आपल्याकडचे नेमके ‘भानावर येणे’. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला घर सोडून गेलेला धाकटा मुलगा डुकरांच्या शेंगांकडे पाहत बसलेला असताना ग्रीकमध्ये म्हटले आहे की तो ‘स्वतःकडे आला’. रडला असे म्हटलेले नाही.

पण ग्रीक सोडा. येशू आणि त्याचे शिष्य ज्या ग्रंथांवर वाढले ते हिब्रूत होते, आणि खरी गंमत तिथे आहे. हिब्रूत धातू आहे शूव. अर्थ: फिरणे, परतणे. हिब्रू बायबलमध्ये हा धातू हजाराहून अधिक वेळा येतो. त्यापासूनच यहुदी परंपरेत पश्चात्तापाला तेशूवा म्हणतात. इथपर्यंत कोणतेही पुस्तक सांगते. क्वचितच कोणी सांगते ते असे की देवाला सोडून जाण्यासाठी यिर्मया हा संदेष्टा जो शब्द वापरतो, मेशूवा, तोही याच शूवपासून निघतो. जाणे आणि येणे, दोन्ही एकाच धातूतून. यिर्मयाच्या 3:12 मध्ये हाक येते: ‘शूवा मेशूवा यिस्राएल’. फिर, फिरलेल्या इस्राएला. आणि 3:22 मध्ये तर एका ओळीत तीनदा: ‘शूवू बानीम शोवावीम, एर्पा मेशूवोतेखेम’. पहिला शब्द परत येण्याचा, तिसरा भरकटलेल्यांचा, शेवटचा त्यांच्या भरकटण्याचा. तिन्ही शूव.

मला ही ओळ पहिल्यांदा कळली तेव्हा मी ती दिवसभर पुटपुटत होतो. ज्या रस्त्याने माणूस गेला त्याच रस्त्याने त्याला बोलावले आहे, आणि बोलावताना त्याच्या जाण्याचाच शब्द त्याच्या हातात दिला आहे.

या अध्यायाची सुरुवातही पाहा. एखाद्याने बायकोला सोडचिठ्ठी दिली, ती दुसऱ्याची झाली, तर पहिला नवरा तिला पुन्हा घेईल का? बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातला नियम सांगतो, घेता येणार नाही. आठव्या ओवीत देव म्हणतो की मीही इस्राएलाला सोडचिठ्ठी दिली. हिब्रू बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात इथे सोडचिठ्ठीला शब्द आहे ‘बिब्लिओन अपोस्तासिऊ’. अपोस्तासियाचाच सख्खा भाऊ! नियमाप्रमाणे तिथे विषय संपायला हवा. चार ओव्यांनंतर येते ‘शूवा मेशूवा यिस्राएल’. नियम मोडून आलेली हाक आहे ती.

आता माझे म्हणणे, आणि ते मी ठामपणे मांडतो. मराठीत शूवला तंतोतंत जोड आहे: फिरणे. शब्दावरून फिरला, पाठ फिरवली, घर फिरले की वासे फिरतात. हे सगळे सोडून जाणे, उलटणे. आणि माघारी फिरला, अर्ध्या वाटेवरून फिरला, मन फिरले. हे परत येणे. एकच क्रियापद दोन्ही दिशांना, जसे हिब्रूत. संस्कृत हवे असेल तर वृत् धातू घ्या: परावृत्त, निवृत्त, प्रवृत्त. लॅटिनचा ‘वर्तेरे’ याच वृत्‌चा भाऊ, म्हणून ‘कन्व्हर्ट’ आणि ‘प्रवृत्त’ एकाच घरातले. पण मला संस्कृतापेक्षा ‘फिरणे’च हवे, कारण शूव हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, देवघरातला नाही.

यावर आक्षेप घेणारे म्हणतात, ‘फिरणे’ हलका शब्द आहे, फिरायला जाणे म्हणजे भटकणे, पवित्र ग्रंथात तो शोभत नाही. हे म्हणणाऱ्यांनी बायबलमधल्या रूथ या पुस्तकाचा पहिला अध्याय मुळातून वाचलेला नाही. नामीची सून ओर्पा आपल्या लोकांकडे आणि आपल्या देवांकडे परत गेली, तिथे शूव. नामी परदेशातून बेथलेहेमला परत आली, तिथेही शूव. जुन्या देवांकडे जाणारी आणि आपल्या गावी येणारी, दोघींना एकच साधे क्रियापद पुरले. ग्रंथकर्त्याला जे हलके वाटले नाही ते भाषांतरकाराला का वाटावे?

आणखी एक मत मला खोडायचे आहे. प्रवचनांत हमखास सांगतात की येशूला धरून देणाऱ्या यहूदाने केला तो ‘मेटामेलोमाइ’, नुसती हळहळ, आणि येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राने केला तो खरा ‘मेटानोइया’, म्हणून एक बुडाला आणि दुसरा तरला. ऐकायला छान वाटते, पण शुभवर्तमानात पेत्राच्या नाकारण्यानंतर मेटानोइया हा शब्दच नाही. तो बाहेर जाऊन अतिशय रडला, एवढेच आहे. आणि मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात ‘जात नाही’ म्हणून नंतर मळ्यात गेलेला आज्ञाधारक मुलगा आहे, त्याच्यासाठी मत्तय मेटामेलोमाइच वापरतो. मग तो शब्द खोट्या पश्चात्तापाचा कसा? पेत्रासाठी खरा शब्द दुसरीकडे आहे. लूक 22:32 मध्ये तीन नकारांच्या आधीच येशू त्याला सांगतो की तू फिरलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. ग्रीक शब्द एपिस्त्रेप्सास. एपिस्त्रेफो हा जुन्या ग्रीक भाषांतरात शूवसाठी वारंवार येणारा शब्द आहे. तो नाकारणार हे आणि तो परत फिरणार हे, दोन्ही येशू एकाच बैठकीत सांगतो.

मूळ प्रश्न क्षमेचा होता, तर थोडक्यात. चर्चला हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पडला तो 250 मध्ये. रोमन सम्राट डेसियसने सर्वांना देवतांना बळी अर्पण करून दाखला घ्यायला लावले. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत. अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी पैसे देऊन नुसताच दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ते चर्चच्या दाराशी आले. त्यांना ‘लाप्सी’, घसरलेले, म्हणत. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, चर्चने त्यांना पुन्हा आत घेऊ नये. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 251 मध्ये ठरवले की दाखलाच घेतलेल्यांना एकेकाची परिस्थिती पाहून घ्यावे, आणि बळी दिलेल्यांनी मरेपर्यंत पश्चात्तापात राहावे. पुढे नवा छळ येतो आहे असे दिसताच पश्चात्तापात असलेल्या सगळ्यांनाच त्यांनी आत घेतले. 325 च्या नायसिया परिषदेने अकराव्या नियमात कोणतीही सक्ती नसताना विश्वास सोडलेल्यांसाठी मुदत घातली: 3 वर्षे नुसते ऐकणाऱ्यांत, 7 वर्षे दंडवत घालणाऱ्यांत, 2 वर्षे प्रार्थनेत पण प्रभुभोजनाविना. बारा वर्षांनी सहभाग. दार लांब होते, पण बंद नव्हते.

बंद असल्यासारखे वाटते ते इब्री लोकांस पत्राच्या 6:4-6 मध्ये. एकदा प्रकाश मिळालेले पतित झाले तर त्यांना पश्चात्तापाकडे पुन्हा आणणे अशक्य आहे, असे तिथे म्हटले आहे. (त्या ‘पतित’च्या जागी असलेल्या ग्रीक क्रियापदात आपलाच पत् धातू आहे.) काही भाष्यकार पुढच्या ‘पुन्हा वधस्तंभी खिळतात’ या चालू काळातल्या रूपाकडे बोट दाखवून म्हणतात, जोवर ते तसे करत आहेत तोवर. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेतले म्हणतात, कायमचा गेला तो मुळात आपला नव्हताच. त्या परंपरेशी मतभेद झालेल्या आर्मिनियसच्या अनुयायांना माणूस खरोखर जाऊ शकतो हे मान्य आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये परतणाऱ्याला धर्मगुरूपुढे दिलेल्या पापांच्या कबुलीजबाबातून समेटाची वाट आहे. मला विचाराल तर त्या पत्राचा लेखक परत आलेल्यांचा निवाडा करत बसलेला नाही, जे अजून आत आहेत त्यांना तो बजावतो आहे.

‘क्षमा’ या शब्दाबद्दल एक राहिले. क्षम् म्हणजे सोसणे, समर्थ असणे. सक्षम, क्षमता त्यातलेच. ग्रीक शब्द अफेसिस, म्हणजे सोडणे, कर्ज सोडणे. मराठी प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ आहे आणि ते भाषांतर मला अप्रतिम वाटते. पण यिर्मयाच्या त्या ओळीत क्षमाही नाही आणि सोडणेही नाही. ‘एर्पा’ म्हणजे बरे करीन, वैद्याचा शब्द.

तेव्हा तुमचे वाक्य असे लिहा: ‘तो विश्वासापासून फिरला होता, तो माघारी फिरला.’ पश्चात्ताप लिहायचाच असेल तर दोन्ही त घालून लिहा. आणि यिर्मयाची ओळ मराठीत हवी असेल तर माझी घ्या: फिरलेल्या लेकरांनो, माघारी फिरा, तुमचे फिरणे मी बरे करीन.