अफवा, अटकळ आणि ‘म्हणे’

एका वाचकांनी शाळेच्या वार्षिक अंकासाठी तरुणांच्या आवडीनिवडींवर लेख लिहिला. त्यात ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ या व्हिडिओ गेमविषयी ‘गेम येण्याआधीच अफवांना उधाण’ असे वाक्य होते. ते वाचून त्यांच्या मुलाने हरकत घेतली, “आम्ही अफवा पसरवत नाही, आम्ही अंदाज बांधतो.” या दोहोंत खरोखर फरक आहे काय, असल्यास नेमका शब्द कोणता, आणि अशा गेमला ‘बहुप्रतिक्षित’ म्हणणे योग्य आहे काय, असे त्यांनी विचारले आहे.

मुलाची हरकत रास्त आहे, आणि ती का रास्त आहे हे शोधण्यासाठी शब्दांच्या अर्थापेक्षा त्यांच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. अफवा उठते, पसरते, कानावर येते; ती आपली आपण हिंडते, आणि ती मुळात कोणाची हे कोणी सांगू शकत नाही. अटकळ मात्र बांधावी लागते. जे बांधायचे त्याला बांधणारा लागतो आणि काही सामग्रीही लागते, मग ती सामग्री कितीही तुटपुंजी असो. तर्क लढवावा लागतो, म्हणजे तेथेही लढवणारा आलाच. मराठीने ही क्रियापदे सहज म्हणून वाटून दिलेली नाहीत. बोलणाऱ्याची जबाबदारी कोठे आहे आणि कोठे नाही, हे त्यांतून अचूक कळते. ‘अफवा’ हा मूळचा अरबी शब्द त्या भाषेत ‘तोंडे’ या अर्थाचे अनेकवचन आहे. आपण त्याला एकवचनी स्त्रीलिंगी करून घेतले, तरी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणारी गोष्ट हा त्याचा मूळ अर्थ आपल्या वापरातून पुसला गेलेला नाही.

आता चाहत्यांनी प्रत्यक्षात काय केले ते पाहू. रॉकस्टार गेम्स या कंपनीने ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ सप्टेंबर २०१३ मध्ये बाजारात आणला. पुढच्या भागाचे काम चालू असल्याचे तिने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले, पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये दाखवला आणि दुसरा थेट मे २०२५ मध्ये. दोन ट्रेलरांमधल्या या सतरा महिन्यांत कंपनीने नव्या गेमबद्दल जवळजवळ मौनच पाळले. ज्यांना दुसरे काहीच हाती लागत नव्हते, अशा चाहत्यांनी मग कंपनीच्या जाहिरातींतल्या चित्रांमधला चंद्र पाहिला, त्याची कला कोणती आहे हे ताडले आणि त्या कलेचा दिवस पंचांगात शोधावा तसा शोधून पुढच्या ट्रेलरची तारीख ठरवली. हा आधार लंगडा होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही ही अटकळच आहे, अफवा नव्हे; कारण येथे चिन्ह दाखवलेले आहे, त्या चिन्हावरून निष्कर्षापर्यंतची वाट दाखवलेली आहे, आणि ऐकणाऱ्याला ती वाट तपासून ‘हे पटत नाही’ म्हणण्याची मोकळीक आहे. अफवेत ही मोकळीक नसते, कारण तेथे तपासायला निष्कर्षाशिवाय दुसरे काही हाती दिलेलेच नसते.

या फरकाची एक सोपी परीक्षा मराठी वाक्यरचनेतच आहे. ‘ट्रेलर मंगळवारी येणार असावा’ असे म्हणणारा माणूस अटकळ बांधतो आहे. ‘असावा’ या रूपाने तो स्वतःचे मन त्या वाक्यामागे उभे करतो आणि चूक होण्याची शक्यताही स्वतःकडे घेतो. ‘ट्रेलर मंगळवारी येणार म्हणे’ असे म्हणणारा मात्र निरोप्या आहे. ‘म्हणे’ या दोन अक्षरांनी तो ऐकणाऱ्याला सांगतो की हे माझे नाही, मी फक्त ऐकले ते सांगतो. मराठीच्या या लहानशा अव्ययासारख्या रूपाचे मला फार मोल वाटते, कारण ऐकीव गोष्टीला ऐकीवपणाची खूण लावण्याची सोय त्याने इतक्या कमी खर्चात करून दिली आहे. चंद्राच्या कलेवरून बांधलेली अटकळ पहिल्या माणसाच्या तोंडी ‘असावी’ने संपते; दुसरा चंद्राचा संदर्भ गाळतो आणि ‘म्हणे’ जोडतो; तिसरा ‘म्हणे’ही गाळतो आणि ‘ट्रेलर मंगळवारी येणार’ एवढेच ठामपणे सांगतो. अटकळीची अफवा होते ती या दुसऱ्या पायरीवर, आणि तिसऱ्या पायरीवर तिची अफवा ही ओळखही नाहीशी होते.

मुलाने ‘अंदाज’ हा शब्द वापरला, तो चुकीचा नाही, पण अटकळ आणि अंदाज यांत मी थोडा भेद करीन. ‘अंदाज’ हा फारसीतून आलेला शब्द मापाशी संबंधित आहे, आणि आजही आपण तो पूर्वानुभवाचे काही माप हाताशी असते तेव्हा वापरतो: स्वयंपाकात मिठाचा अंदाज, शेतात पिकाचा अंदाज, वेधशाळेचा पावसाचा अंदाज. याच गेमच्या बाबतीत चाहत्यांनी असा एक खरा अंदाजही बांधला होता. रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू इंटरॅक्टिव्ह दर तिमाहीला आपले आर्थिक निकाल जाहीर करते, आणि महत्त्वाच्या घोषणा त्या दिवसांच्या आसपास होतील असे अनेकांना वाटत होते. पहिल्या ट्रेलरची पूर्वसूचना ८ नोव्हेंबर २०२३ रोजी मिळाली, तो निकालांचाच दिवस होता. गेम १९ नोव्हेंबर २०२६ पर्यंत लांबणीवर पडल्याचे ६ नोव्हेंबर २०२५ रोजी कळले, तोही निकालांचाच दिवस होता. चंद्रकलेपेक्षा हे माप निश्चितच भरवशाचे म्हणावे लागेल. मात्र दुसरा ट्रेलर ६ मे २०२५ रोजी, निकालांच्या आधी आणि कोणतीही पूर्वसूचना न देता आला, तेव्हा अंदाजही चुकला आणि अटकळीही फोल ठरल्या. (अंदाज चुकतो, अटकळ फोल ठरते आणि अफवा खोटी निघते, येथेही क्रियापदे आपापली जागा सोडत नाहीत.)

याच कुळातला ‘कयास’ हा शब्द हल्ली केवळ बातमीला भारदस्तपणा आणण्यासाठी वापरला जातो, याचे वाईट वाटते, कारण त्याची जागा स्वतंत्र आणि नेमकी आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ मोजणे, तुलना करणे आणि ज्ञातावरून सादृश्याने अज्ञात ठरवणे असा आहे. या गेमचे कथानक लिओनिडा नावाच्या काल्पनिक राज्यात घडते, ते अमेरिकेतल्या फ्लोरिडावर बेतलेले आहे, आणि त्यातले व्हाइस सिटी हे शहर मायामीवर. काही चाहत्यांनी बाहेर आलेल्या चित्रफितींतले स्थाननिर्देश आणि ट्रेलरांतली दृश्ये एकत्र करून, ती खऱ्या फ्लोरिडाशी ताडून, प्रकाशित न झालेल्या या गेमचा नकाशा गेम येण्याआधीच रेखाटायला घेतला. किनारा येथे वळत असेल, पूल येथे असेल, बेटांची रांग दक्षिणेला असेल, असे सादृश्यावरून ठरवण्याच्या या कामाला ‘कयास’ याहून चपखल शब्द मला सुचत नाही.

आता ‘बाहेर आलेल्या चित्रफिती’ असे मी म्हटले, त्याविषयीही सांगायला हवे. सप्टेंबर २०२२ मध्ये घडणीच्या अवस्थेतल्या या गेमच्या सुमारे नव्वद चित्रफिती इंटरनेटवर आल्या, आणि कोणी तरी आपल्या संगणक-जाळ्यात शिरून त्या नेल्याचे कंपनीने मान्य केले. याला सरसकट ‘लीक’ म्हटले जाते, पण मराठीत ‘फुटणे’ हे सुंदर आणि रुळलेले क्रियापद असताना त्याची गरज नाही. प्रश्नपत्रिका फुटते, गुप्त बेत फुटतो, बातमी फुटते. तसाच ट्रेलरही फुटतो. पहिला ट्रेलर ५ डिसेंबर २०२३ रोजी ठरलेल्या वेळी यायचा होता, पण तो आधीच फुटल्यामुळे कंपनीने स्वतःच तो तातडीने प्रसिद्ध केला; भारतात तेव्हा ५ डिसेंबरची पहाट होती. फुटलेली गोष्ट खरी असते, म्हणून तिला अफवा म्हणता येत नाही, आणि ती पाहून सांगितलेली असल्यामुळे तिला अटकळही म्हणता येत नाही. उलट, कोणी बनावट चित्र तयार करून ‘हे फुटलेले आहे’ असे सांगितले, तर त्याला ‘कंडी पिकवणे’ म्हणावे. ‘पिकवणे’ या क्रियापदात हेतू आहे, मशागत आहे, आणि पीक कोणाला हवे होते हा प्रश्नही आहे. ‘वावडी’त एवढा आरोप नाही. वावडी म्हणजे पतंग. ती वाऱ्यावर उडते, आणि तिची दोरी कोणाच्या हातात आहे हे खालून पाहणाऱ्याला दिसत नाही.

‘उधाण’ या शब्दावर मात्र माझा आक्षेप नाही, उलट तो ठेवावा असेच मी सुचवीन. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला समुद्राला येणारी मोठी भरती म्हणजे उधाण, आणि अष्टमीच्या सुमाराची कमी भरती म्हणजे भांग, हे कोकणातल्या आणि गोव्यातल्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. उधाणाला चढही असतो आणि ओसरही असतो, आणि या चाहत्यांच्या बोलण्याचे नेमके तेच झाले आहे: घोषणा जवळ आल्यासारखी वाटली की बोलणे चढते, ती झाली नाही की ओसरते, आणि पुन्हा चढते. ‘उत्कंठा शिगेला पोहोचली’ हा वाक्प्रचार यासाठी मला कमी योग्य वाटतो. धान्याचे माप काठोकाठ भरल्यावर वर जो निमुळता ढीग राहतो ती शीग. शिगेला पोहोचलेल्या मापात पुढचा दाणा ठरत नाही, तो घरंगळून खाली येतो. म्हणून हा वाक्प्रचार अगदी शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवावा. २०२३ मध्ये उत्कंठा शिगेला पोहोचली, २०२५ मध्ये ती पुन्हा शिगेला पोहोचली, असे लिहिले तर वाचकाला त्या मापाचा भरवसा राहत नाही.

उत्कंठा, उत्सुकता आणि आतुरता हे शब्दही एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. ‘उत्कंठा’ या शब्दात मान उंचावून पाहण्याचे चित्र आहे. ‘आतुर’ म्हणजे संस्कृतात पीडित, रोगी, त्यामुळे आतुरतेत थोडी वेदना मिसळलेलीच असते. परंतु या प्रकरणात मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘औत्सुक्य’ हा जुना शब्द. संस्कृत साहित्यशास्त्राने तेहेतीस व्यभिचारी भावांमध्ये, म्हणजे मनात येऊन जाणाऱ्या अस्थिर भावांमध्ये, त्याची गणना केली आणि हवी ती गोष्ट न मिळाल्यामुळे वेळ जाणे सोसेनासे होणे, असे त्याचे लक्षण सांगितले. त्याच तेहेतीसांमध्ये वितर्कही आहे. ज्यांनी २०१३ नंतर पुढचा भाग येण्याची वाट पाहिली, ज्यांना आधी २०२५ हे वर्ष सांगितले गेले, मग २६ मे २०२६ ही तारीख, आणि मग १९ नोव्हेंबर २०२६, त्यांचे औत्सुक्य वितर्काकडे वळले यात नवल नाही; ज्याला वेळ सोसत नाही तो चिन्हे शोधू लागतो. म्हणून ‘तर्कवितर्क’ या जोडशब्दाला मी अशा संदर्भात मनापासून पसंती देतो. हिंदीच्या वळणाने आलेल्या ‘अटकळबाजी’त एक तुच्छतेचा सूर ऐकू येतो, आणि ज्या मुलांनी एवढ्या चिकाटीने नकाशा रेखाटला त्यांच्यासाठी तो सूर मला अन्यायाचा वाटतो.

तेव्हा आपले वाक्य ‘गेम येण्याआधीच तर्कवितर्कांना उधाण’ असे करावे. ‘अफवा’ हा शब्द लेखात हवाच असेल, तर बिनआधाराने पसरलेल्या एखाद्या विशिष्ट गोष्टीपुरता तो ठेवावा.

राहिला ‘बहुप्रतिक्षित’. शब्द चालेल, पण ‘ती’ दीर्घ हवी: बहुप्रतीक्षित. ‘प्रति’ आणि ‘ईक्षा’ मिळून ‘प्रतीक्षा’ होते, जशी ‘परि’ आणि ‘ईक्षा’ मिळून ‘परीक्षा’. दोन सजातीय स्वर एकत्र आले की दीर्घ होतात, त्यामुळे येथे ऱ्हस्वाला वाव नाही. ईक्ष् म्हणजे पाहणे. आपण मराठीत ‘वाट पाहणे’ म्हणतो तेव्हाही पाहणेच असते, फरक इतकाच की संस्कृत शब्दात येणाऱ्याच्या दिशेने पाहिले जाते आणि मराठीत ज्या वाटेने तो येणार त्या वाटेकडे. ‘अपेक्षा’ हाही याच धातूचा शब्द असला तरी तो येथे वापरू नये. ‘चाहते गेमची अपेक्षा करत आहेत’ हे वाक्य मराठीत गेमची मागणी केल्यासारखे ऐकू येते, आणि आपल्या मनात तर केवळ ‘चाहते गेमची वाट पाहत आहेत’ एवढेच आहे.